लोकसभा आणि राज्यसभा : नागरिकाचें दुहेरी प्रतिनिधित्व

गोव्यांतील पेडण्याचा शेतकरी आणि शेजारच्या सावंतवाडीचा शेतकरी यांच्या शेतांवर पाऊस एकच पडतो. परंतु दिल्लीच्या संसदेंत दोघांचा आवाज सारख्याच वजनानें पोहोंचतो काय? एखाद्या चौकस विद्यार्थ्यानें असा प्रश्न केल्यास उत्तर देण्यापूर्वीं संसदेच्या दोन्ही सभागृहांचा विचार निरनिराळा करावा लागेल.

लोकसभेंत माणसांची मोजदाद होते. अठरा वर्षें पूर्ण झालेला मतदार आपल्या मतदारसंघाचा सभासद प्रत्यक्ष निवडून देतो. ज्या राज्याची लोकसंख्या मोठी, त्याच्या जागा अधिक, हें येथील मूळ सूत्र. २०२४ च्या निवडणुकींत महाराष्ट्राच्या वांट्यास ४८ जागा होत्या, तर गोव्याच्या वांट्यास २.

राज्यसभेंत नागरिक येतो तो आपल्या राज्याच्या द्वारें. तेथील सभासदांस राज्याच्या विधानसभेचे आमदार निवडतात. राष्ट्रपतींनीं नियुक्त केलेले १२ सभासद तेवढे याला अपवाद. हें सभागृह कधींही विसर्जित होत नाहीं; सभासदाची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनीं एक-तृतीयांश सभासद निवृत्त होतात.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियासारख्या विशाल राज्यास आणि वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यास वरिष्ठ सभागृहांत सारख्याच दोन जागा आहेत. भारताच्या घटनाकारांनीं मात्र मधला मार्ग स्वीकारला. लोकसंख्येचा विचार त्यांनीं सोडला नाहीं, तथापि लहान राज्याचें पारडें थोडें जड केलें. साधें त्रैराशिक मांडून पाहावें. लोकसभेच्या दोन जागांमागें गोव्यास राज्यसभेची एक जागा आहे. त्याच प्रमाणानें महाराष्ट्रास २४ जागा मिळाल्या असत्या. प्रत्यक्षांत १९ आहेत.

मग पेडण्याच्या शेतकऱ्यानें राज्यसभेसाठीं मत दिलें कधीं? विधानसभेच्या निवडणुकीच्या दिवशींच दिलें. पण बहुधा त्याच्या तें ध्यानीं आलें नाहीं. गांवचा रस्ता आणि विहिरीचें पाणी एवढ्याचाच विचार करून त्यानें आमदार निवडला, आणि त्याच आमदाराच्या हातीं दिल्लीच्या दुसऱ्या सभागृहाची किल्लीही दिली.

ही किल्ली क्षुल्लक नव्हे. सरकारवर अविश्वास दाखविण्याचा अधिकार केवळ लोकसभेचा आहे, आणि धनविधेयक राज्यसभेस चौदा दिवसांत परत करावें लागतें, हें खरें. परंतु घटनादुरुस्तीस दोन्ही सभागृहांची स्वतंत्र संमति लागते. तेथें संयुक्त बैठकीची पळवाट नाहीं. पंचायतींसंबंधींचें चौसष्टावें घटनादुरुस्ति विधेयक लोकसभेनें संमत केलें असतांही १९८९ सालीं राज्यसभेंत पुरेशा बहुमताअभावीं पडलें. पंचायतींची तरतूद पुढें १९९२ सालीं दोन्ही सभागृहांनीं त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें मान्य केली. म्हणजे खेड्यांतील चावडीचा प्रश्नदेखील या सभागृहांत अडूं शकतो.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. पूर्वीं राज्यसभेचा उमेदवार त्या त्या राज्यांतील मतदार असणें आवश्यक होतें. २००३ सालच्या कायद्यानें ही अट काढून टाकली. भारतांतील कोणत्याही लोकसभा मतदारसंघांतील मतदार कोणत्याही राज्यांतून उभा राहूं शकतो. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं हा बदल वैध ठरविला. विद्वान् मनुष्यास सीमेची आडकाठी नसावी, असें याचें समर्थन करतां येईल. पण राज्याचा प्रतिनिधि त्या राज्याच्या सुखदुःखाशीं परिचित असावा, ही अपेक्षा आतां कायदा पुरी करीत नाहीं. ती पुरी करणें आमदारांच्या विवेकावर आलें आहे, आणि आमदार निवडणें नागरिकाच्या.

म्हणून मत मागण्यास दारीं आलेल्या उमेदवारास नागरिकानें रस्त्याविषयीं अवश्य विचारावें. परंतु त्याबरोबरच, राज्यसभेवर तो कोणत्या योग्यतेचा मनुष्य पाठवील, हेंही विचारावें. तो दुसरा प्रश्न विचारण्याची संधि नागरिकास त्याच दिवसांत मिळते; पुढें सहा वर्षें सभासदास जाब विचारण्याचें मत त्याच्या हातीं राहत नाहीं.