रोमने हरलेल्यांचं काय केलं?

रोम मोठं झालं ते तलवारीवर, असं मलाही वाटायचं. पण इटलीत ज्यांना हरवलं, त्यांनाच रोमने मित्र केलं आणि त्यांच्याकडून सैनिक घेतले. म्हणूनच इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीला हॅनिबलने बहुतेक सैन्य कापून काढलं, तरी लॅटिन मित्र फुटले नाहीत. रोम तरलं.

इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने गुलाम सोडून जवळपास सगळ्यांनाच नागरिक केलं.

आणि ३७६ मध्ये? हूणांच्या भीतीने आलेल्या गॉथांना डॅन्यूब ओलांडू दिली, पण अधिकाऱ्यांनी त्यांना उपाशी ठेवून लुबाडलं. गॉथ उठले. दोनच वर्षांत सम्राट व्हॅलेन्स त्यांच्याशी लढताना मेला. ४१० मध्ये तर गॉथांनी रोम शहरच लुटलं.

घरात घेतलं, पण पानावर बसवलं नाही. तिथेच चुकलं, असं मला वाटतं. तुम्हाला? भेटू पुढच्या भागात!