मुशीतून सुटलेली नाणी

आपापल्या पेट्या जिवापाड सांभाळत आलेले संग्राहक मित्र, आणि आज आग्रहाने बोलावलेले जालन्याच्या सराफ्यातले व्यापारी बंधू,

‘जालना सोने का पालना’ हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ही मोगली पेठ चार दिवस लुटली, तेव्हा तो पाळणा काही रिकामा नव्हता. महाराजांचा स्वतःचा सोन्याचा होन, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आज इतका दुर्मीळ आहे की या मंडपातल्या बहुतेकांनी तो काचेपलीकडूनच पाहिला असेल. देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक तुलनेने जास्त वाचले. मध्यभागी कमळ, भोवती ठशांनी उमटवलेली अक्षरे आणि चिन्हे, आणि ठोकून ठोकून वाटीसारखे खोलगट झालेले अंग. त्याआधीचे सातवाहन शिसे, पोटीन, तांबे, चांदी यांतच रमले. सोने त्यांच्या काळात रोमहून येई.

दुर्मीळ म्हटले की आपण संग्राहक मिशीला पीळ देतो. मला त्यात थोडी लाज वाटते. सोन्याचे नाणे दुर्मीळ होते ते चोरामुळे क्वचित, मुशीमुळे नेहमी. जेवढी दुर्मिळता मोठी, तेवढी आटणी मोठी.

अमेरिकेत या आटणीचा जमाखर्च कागदावर आहे, म्हणून ते उदाहरण घेतो. तिथल्या टाकसाळीने सोन्याची नाणी पाडायला १७९५ मध्ये सुरुवात केली. १७९२ च्या कायद्याने सोन्या-चांदीचे प्रमाण एकास पंधरा असे ठरवले होते. युरोपात सोन्याला याहून जास्त चांदी मिळे. व्यापाऱ्याला आणखी काय हवे? नाणी जहाजात चढली, पलीकडे उतरली आणि आटली. १८२० नंतर तर पाच डॉलरच्या नाण्यात पाच डॉलरहून जास्त किमतीचे सोने होते; ते बाजारात चालवणारा वेडाच ठरला असता. अखेर १८३४ मध्ये कायदा बदलून नाण्यातले सोने कमी केले, आणि जुनी उरलीसुरली नाणीही भट्टीकडे निघाली. १८२२ साली पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडल्याची टाकसाळीच्या दप्तरी नोंद आहे. त्या सालाची आज ज्ञात आहेत तीन. दोन स्मिथसोनियन संग्रहालयात. तिसरे २०२१ मध्ये लिलावात ८४ लाख डॉलरला गेले, म्हणजे साठ कोटी रुपयांच्या घरात. वजन पावणेनऊ ग्रॅम, सोने बावीस कॅरट. आपल्या ओळखीच्या गिन्नीपेक्षा जेमतेम पाऊण ग्रॅम जड.

आता आपल्या दुकानाच्या ओट्यावर या. लग्नसराईच्या आधी आजीची पुतळ्यांची माळ मोडीला येते. सराफ गोफ तोडतो, लाख झटकतो, एक पुतळी कसोटीवर घासतो. बहुतेक पुतळ्या इथल्याच ठशाच्या, पातळ पत्र्याच्या. पण एखादी साडेतीन ग्रॅमची भरीव निघते. भिंगाखाली धरा: एका बाजूला व्हेनिसचा राजप्रमुख गुडघे टेकून संत मार्ककडून निशाण घेतो आहे, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. व्हेनिसने हे नाणे १२८४ पासून १७९७ पर्यंत त्याच वजनाचे, त्याच जवळजवळ शुद्ध सोन्याचे पाडले. प्रत्येक राजप्रमुखाचे नाव त्यावर असते, म्हणजे अंबड-भोकरदनच्या एखाद्या घरातली पुतळी कोणत्या कारकिर्दीतली, हे अक्षरे वाचून सांगता येते. सांगता येते, पण विचारतो कोण? टंच निघतो, घट धरली जाते, पावती फाटते.

गिन्नीचे तेच. १९१८ मध्ये मुंबईच्या टाकसाळीत १२,९५,३७२ गिन्न्या पाडल्या गेल्या; घोडेस्वाराच्या टाचेखाली जमिनीच्या रेघेवर बारीक ‘आय’ हे अक्षर, एवढीच त्यांची खूण. त्यातल्या कितीतरी कडी लावून गळ्यात गेल्या. डाग दिलेली गिन्नी संग्राहक हातात घेत नाही, आणि मला हे सोवळे मुळीच पटत नाही. अहो, त्या कडीनेच तिला वाचवले! दागिना होती म्हणून मोडायला जिवावर आले. सुटी असती तर पहिल्याच दुष्काळात गेली असती.

सराफांना दोष देण्यात अर्थ नाही. आपला कायदाही तराजूवरच बसलेला आहे. १८७८ चा निखात निधी कायदा, दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा असे बजावतो. पण सरकारने ते घ्यायचे ठरवले, तर कलम १६ प्रमाणे द्यायचे काय? धातूची किंमत, वर तिचा एक पंचमांश. त्या १८२२ च्या नाण्यात शुद्ध सोने आठ ग्रॅम. या हिशेबाने साडेनऊ ग्रॅमहून थोडे जास्त सोन्याचे पैसे. विहीर खणताना मडके लागलेला शेतकरी हा हिशेब आपल्यापेक्षा लवकर करतो, आणि रात्रीतून मूस तापते. लोखंड वितळवून सळई काढणाऱ्या या गावात भट्टी शोधायला लांब जावे लागत नाही.

म्हणून दोन ठराव मांडतो. पहिला सरकारसाठी: कलम १६ मधील मोबदला धातूवर न ठरता तज्ज्ञांनी केलेल्या नाण्याच्या मूल्यमापनावर ठरावा. दुसरा या सभागृहासाठी: मोडीत आलेले प्रत्येक जुने नाणे आटवण्यापूर्वी सराफांनी त्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, वजन लिहावे आणि आमच्यापैकी कुणाला तरी दाखवावे, घ्यायचे झाल्यास आम्ही मोडीच्या भावापेक्षा जास्त दर द्यावा. किती जास्त, यावर दुपारच्या सत्रात भांडण होणार हे मला माहीत आहे. सूचक मी आहे. अनुमोदक सराफ्यातून मिळावा, अशी इच्छा आहे.