‘ग्रीन’ म्हणजे कोणतं हिरवं?

आज आपण एकाच शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो आपल्या स्वयंपाकघरात, किराणा दुकानात आणि शेतावरसुद्धा येऊन बसला आहे. तो शब्द म्हणजे ‘ग्रीन’. ग्रीन टी, ग्रीन सिग्नल, ग्रीन कार्ड, ग्रीन फटाके. पाकिटावर हा शब्द किंवा हिरवं पान दिसलं की आपला हात आपोआप तिकडे जातो. ग्रीन म्हणजे हिरवं आणि हिरवं म्हणजे चांगलं, असा आपला साधा हिशेब. तो कुठून आला तेही उघड आहे. आपल्याकडे हिरवा चुडा असतो, ओटीत हिरवा खण असतो, डोहाळजेवणाला हिरवी साडी असते. पाऊस पडला की डोंगर हिरवा होतो आणि जिवात जीव येतो.

पण इंग्रजीत हा शब्द फार तऱ्हांनी वापरतात. त्यातली एक तऱ्हा अशी आहे की तिचा अर्थ चुकीचा लावला तर जिवावर बेतू शकतं. तिथपर्यंत जायचंच आहे, पण आधी या शब्दाचं घराणं बघू.

इंग्रजीत ‘ग्रो’ म्हणजे वाढणं आणि ‘ग्रास’ म्हणजे गवत. ग्रीन, ग्रो आणि ग्रास हे तिन्ही शब्द एकाच जुन्या मुळाला फुटलेले कोंब आहेत. म्हणजे मुळात ग्रीन हे नुसतं रंगाचं नाव नव्हतं. जे वाढतंय, ज्यात अजून ओल आहे, ते ग्रीन. म्हणून इंग्रजीत ताज्या तोडलेल्या ओल्या लाकडाला ग्रीन लाकूड म्हणतात, त्याचा रंग तपकिरी असला तरी. न भाजलेल्या कॉफीच्या बियांना ग्रीन कॉफी म्हणतात. आणि गंमत ऐका, कुंभाराने घडवून वाळत ठेवलेलं, अजून भट्टीत न गेलेलं मडकं, त्यालाही तिकडचे कुंभार ग्रीनच म्हणतात. ते मडकं मातीच्या रंगाचं असतं. त्यात हिरवं काही नसतं, ते फक्त कच्चं असतं.

आपण इथे श्रीमंत आहोत बायांनो. त्यांचा एक ग्रीन, त्याला आपल्याकडे किती शब्द! ग्रीन मँगो म्हणजे आपली कैरी. ग्रीन कोकोनट म्हणजे शहाळं. ग्रीन ओनियन म्हणजे पातीचा कांदा. ग्रीन फॉडर म्हणजे ओली वैरण. ग्रीन मॅन्युअर म्हणजे ताग-धैंचा गाडून केलेलं हिरवळीचं खत. ग्रीन ग्रॅम म्हणजे तर आपले साधे वाळलेले मूग. कुठे ओला, कुठे कच्चा, कुठे कोवळा, कुठे वेगळंच नाव. ज्या गटांना प्रदर्शनासाठी इंग्रजी लेबलं छापून घ्यायची असतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्या पन्ह्याच्या बाटलीवर ग्रीन मँगो लिहिलं तर शहरातलं गिऱ्हाईक कैरी समजतं, ते बरोबर आहे. पण ओल्या हळदीच्या लोणच्यावर छापणाऱ्याने शब्दाला शब्द जोडून ग्रीन टर्मरिक लिहिलं, तर गिऱ्हाइकाला हिरव्या रंगाची हळद वाटेल. तिथे फ्रेश लिहायला सांगा.

कच्चेपणाचा हाच अर्थ माणसांनाही लागला. कामात नवखा, जगाचा वारा न लागलेला माणूस इंग्रजीत ग्रीन असतो. हेवा वाटला की माणूस हिरवा होतो, आणि शेक्सपियरने ‘ऑथेल्लो’ नाटकात मत्सराला हिरवे डोळेच देऊन टाकले आहेत. आपल्याकडे माणूस रागाने लाल होतो, भीतीने पांढरा पडतो, पण हेव्याने हिरवा होत नाही. आपला ‘हिरवट’ वेगळाच. हिरवट म्हातारा म्हटलं की कसला म्हातारा ते आपल्याला सांगावं लागत नाही. एसटीत तो शेजारी बसला की आपण जागा बदलतो.

ग्रीन कार्डाची तऱ्हा निराळी. ज्यांची पोरं अमेरिकेत आहेत त्यांच्याकडून आपण हा शब्द ऐकतो. तिथे कायम राहायची परवानगी देणारं हे कार्ड सुरुवातीला हिरवं होतं म्हणून ते ग्रीन कार्ड. मग मधली कितीतरी वर्षं सरकारने ते दुसऱ्याच रंगांत छापलं, तरी लोकांनी नाव काही सोडलं नाही. रंग गेला आणि शब्द उरला.

आता सिग्नलकडे येऊ. ‘हिरवा कंदील दाखवला’ असं आपण मराठीत सर्रास म्हणतो. ग्रामसभेने ठरावाला हिरवा कंदील दाखवला, बँकेने कर्जाला दाखवला. हा कंदील आला रेल्वेतून. पण इंग्लंडात रेल्वे नवी होती तेव्हा हिरव्याचा अर्थ ‘जा’ असा नव्हताच. लाल म्हणजे थांबा, पांढरा म्हणजे खुशाल जा, आणि हिरवा म्हणजे जपून जा! पुढे पांढऱ्या दिव्याने घोटाळे होऊ लागले. अंधारात सिग्नलचा पांढरा दिवा कोणता आणि घरादाराचा कोणता, हे ड्रायव्हरला कळेना. शिवाय लाल काच फुटून पडली तर आतला दिवा पांढराच दिसायचा, म्हणजे थांबायच्या जागी गाडी सुसाट जायची. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे पांढरा काढून टाकला आणि हिरव्याला ‘जा’ हा अर्थ दिला. आज आपल्याला वाटतं की हिरवा दिवा म्हणजे मोकळा रस्ता हे जणू निसर्गानेच ठरवलंय. ते ठरवलं रेल्वेच्या माणसांनी, आणि तेही आधीचा अर्थ मोडून. हा जुना ‘जपून’ जरा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

ग्रीन म्हणजे चांगलं, निसर्गाला धरून, हा अर्थ तर अगदी अलीकडचा. ‘ग्रीन रिव्होल्यूशन’, म्हणजे आपली हरित क्रांती, हे नाव १९६८ साली अमेरिकेच्या मदत संस्थेचे प्रमुख विल्यम गॉड यांनी भाषणात वापरलं आणि जगभर रूढ झालं. त्यांच्या मनात होतं जास्त पिकणारं नवं बियाणं, रासायनिक खत आणि पाणी. तीनच वर्षांनी, १९७१ साली, कॅनडात ग्रीनपीस ही संघटना उभी राहिली ती निसर्ग वाचवा म्हणत. शब्द एकच. एकाच्या हिरव्यात खताची गोणी आहे, दुसऱ्याच्या हिरव्याला त्या गोणीचीच काळजी वाटते. मराठीत आपण यासाठी ‘हरित’ असा जरा सोवळ्यातला शब्द घेतला. हरित क्रांती, हरितगृह, हरित न्यायाधिकरण. शेताला कोणी हरित म्हणत नाही, शेत हिरवंच. कागदावर आलं की हरित होतं.

आणि एकदा का शब्दाला चांगलं नाव मिळालं की बाजारवाले तो उचलणारच. वस्तू होती तशीच, फक्त पाकीट हिरवं करायचं आणि त्यावर एक पान काढायचं. या लबाडीला इंग्रजीत ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. आपण म्हणू, हिरवा मुलामा. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली याबद्दल नियमावलीच काढली. ग्रीन, इको, निसर्गस्नेही असं काही लिहायचं असेल तर त्याला पुरावा हवा, आणि नेमकं काय म्हणायचंय ते स्पष्ट सांगायला हवं. एखाद्या वस्तूबद्दल फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यावर तक्रार करता येते.

दरवेळी लबाडीच असते असंही नाही. कधी अर्थ खरा असतो, पण तेवढाच असतो. खाण्याच्या पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. तो सांगतो की आतला पदार्थ शाकाहारी आहे. बस, एवढंच. पोरांच्या तळलेल्या कुरकुऱ्यांवर तो असतो, निव्वळ साखरेच्या गोळ्यांवरही असतो. ‘हिरवा ठिपका आहे, खाऊ दे’ असं म्हणणारी आई ठिपक्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडी घालते. ग्रीन फटाक्यांचंही तसंच. नागपूरच्या नीरी या संस्थेने ते तयार केले. त्यांचा धूर नेहमीच्या फटाक्यांपेक्षा निदान ३० टक्के कमी, असा दावा आहे. म्हणजे बाकीचा धूर आहेच. दम्याच्या माणसाजवळ ते उडवायचे नसतात.

आता ज्या डब्यासाठी हे सगळं बोलणं काढलं, त्याकडे येऊ. पण त्याआधी एका मुलीबद्दल सांगायला हवं. १७७५ साली कार्ल शेले नावाच्या स्वीडनमधल्या रसायनतज्ज्ञाने एक झगझगीत हिरवा रंग बनवला. तो बनत होता तांबं आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल, यांच्यापासून. पुढे त्याच जातीचा आणखी तेजदार हिरवा निघाला. युरोपातल्या लोकांना तो फार आवडला. भिंतीचे कागद, बायकांचे झगे, टोपीवरची कागदी-कापडी फुलं, सगळीकडे तो आला. लंडनमध्ये मटिल्डा शुरर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी अशी फुलं बनवायच्या कामाला होती. बनावट पानांवर हिरवी पूड भुरभुरवायची, हे तिचं काम. पूड श्वासातून जायची, हातावरून तोंडात जायची. १८६१ च्या नोव्हेंबरात ती मेली. तिच्या डोळ्यांची बुबुळाभोवतीची पांढरी जागा हिरवी झाली होती, उलटी हिरवी होत होती, आणि जे बघते ते हिरवं दिसतं असं ती सांगत होती. ज्यांच्या टोपीवर ती पानं खोचली जायची त्यांना ती ताजी, टवटवीत वाटत होती.

याच हिरव्या पुडीचं पुढे काय झालं? अमेरिकेत बटाट्यावर किडे पडू लागले तेव्हा शेतकऱ्यांनी तीच पूड पिकावर मारायला घेतली. आजच्या कीटकनाशकांच्या जुन्या पिढीतलं ते एक.

आपल्या शेतात येणाऱ्या औषधाच्या डब्यावर एक शंकरपाळ्यासारखा चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो. हा रंग कंपनी आवडीने देत नाही, १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे द्यावा लागतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष, वर कवटी आणि हाडांचं चित्र. पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल जहाल. त्या दोन्हींवर इंग्रजीत ‘पॉयझन’ लिहिलेलं असतं. निळा म्हणजे मध्यम, त्यावर ‘डेंजर’. आणि चौथा हिरवा. हिरव्यावर काय लिहिलेलं असतं? ‘कॉशन’. म्हणजे सावधान, जपून. रेल्वेचा तो जुना हिरवा इथे टिकून राहिला आहे.

आम्ही गटागटांतून हे बोलतो तेव्हा एक वाक्य नेहमी कानावर येतं, ‘ताई, आमच्याकडचं हिरव्या खुणेचं आहे, ते काही करत नाही.’ काहींना वाटतं हिरवं म्हणजे सेंद्रिय. काहींना शाकाहारी ठिपक्यासारखं वाटतं. हवामान खात्याच्या इशाऱ्यात हिरवा म्हणजे काळजीचं कारण नाही, असा अर्थ आहे, तो अर्थ काही जणी इथे आणतात. या कशाचाच या डब्याशी संबंध नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे विषच, चौघांतलं सौम्य. तेही एका वेळी किती गेलं तर जीव जाईल, याच्या प्राण्यांवरच्या चाचणीवरून ठरवलेलं. रोज थोडं थोडं अंगावर गेलं, वर्षानुवर्षं गेलं, तर काय होतं, हे तो रंग सांगतच नाही.

आणि रोज थोडं थोडं कोणाच्या अंगावर जातं? पंप पाठीवर पुरुषाच्या असतो म्हणून हे त्यांचं काम, असं आपण म्हणतो. पण औषध कालवायला पाणी कोण आणतं? भिजलेला शर्ट कोण धुतं, आणि तोही पोरांच्या कपड्यांबरोबर? फवारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी निंदायला, कापूस वेचायला कोण जातं? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून फवारणाऱ्याचा मास्क आणि हातमोजे यांवर थोडं तरी बोललं जातं. कपडे धुणारीच्या हातांवर कोणी बोलत नाही.

म्हणून एवढं करा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून. फवारलेल्या रानात किती दिवसांनी जायचं आणि किती दिवसांनी तोडणी करायची, ते दुकानदाराला विचारून घ्या. डब्यासोबत घडीचा कागद असतो, त्यावर ते असतं. रिकामा डबा, रंग कोणताही असो, धान्याला, पाण्याला, तेलाला वापरू नका. भोकं पाडून ठेवा म्हणजे कोणी उचलणार नाही. कोणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना थरथर असं काही झालं तर १०८ ला फोन लावा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा, मनाने ओकारी काढायला लावू नका. आणि दवाखान्यात जाताना तो डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या. नुसतं ‘हिरवंवालं होतं’ एवढं सांगून डॉक्टरांना उतारा ठरवता येत नाही. लेबलवर औषधाचं नाव असतं आणि विषबाधा झाल्यावर काय द्यायचं तेही असतं.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या डब्यांच्या लेबलांचे मोबाइलवर फोटो काढून आणा. डबे आणू नका. ज्यांना इंग्रजी वाचता येतं अशा शाळेतल्या पोरी बरोबर असल्या तर फारच बरं. शंकरपाळ्याच्या वरच्या भागात काय लिहिलंय ते त्या मोठ्याने वाचतील, आपण ऐकू.