लहान घरातील लहान संगणक
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला आज एका अगदी व्यवहारातल्या विषयावर बोलावयाचे आहे. आपल्या अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड भागांत राहणाऱ्या कुटुंबाने स्वतःच्या हाताने एक लहान आकाराचा टेबलावरचा संगणक कसा जोडावा, हा तो विषय होय. विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या आहेत, हे मला येथून दिसते आहे. तयार संगणक बाजारात मिळत असताना हा उद्योग कशाला, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांची शंका मी शेवटपर्यंत लक्षात ठेवणार आहे, कारण पैसा त्यांच्याच खिशातून जाणार आहे.

प्रथम जागेचा विचार करू. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सुरुवातीला मिळालेली घरे २२५ चौरस फुटांची होती. अशा घरात पाच-सहा माणसे, एक पलंग, एक कपाट आणि एक शिलाई मशीन ठेवल्यावर बारावीला बसलेल्या मुलीच्या वाट्याला खिडकीजवळचा हातभर कोपरा येतो. त्या कोपऱ्यात संगणकाचा तो जुना उंच डबा ठेवला, तर वही ठेवायची कोठे? लॅपटॉप हा एक उपाय खरा. परंतु लॅपटॉपचा एक भाग बिघडला की बहुधा सगळे यंत्र दुकानात जाते, आणि परीक्षेच्या तोंडावर मूल हात चोळीत बसते. लहान डेस्कटॉपचा भाग बिघडला, तर तेवढाच भाग बदलता येतो.

संगणक लहान होत जाण्याची कहाणी आपल्याच मुंबईतून सांगता येईल. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी देशातला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला. त्याचे लहान प्रायोगिक यंत्र १९५६ साली चालू झाले, पूर्ण यंत्र १९६० साली कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या. मुख्य यंत्र ज्या पोलादी चौकटीत बसविले होते ती १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच होती. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा: ३६० घनफूट, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने दहा किलोबाइट. आज मी बरोबर आणलेल्या डब्याचा आकार दोन लिटरांच्या आत आहे आणि त्यातली रॅम १६ जीबी, म्हणजे टिफ्रॅकच्या सोळा लाख पटींहून अधिक. ते यंत्र बांधणाऱ्यांना सुट्या भागांपासून एकेक सांधा हाताने जोडावा लागला. आपल्याला फक्त एक स्क्रू-ड्रायव्हर लागतो.

आता मापांकडे वळू, कारण या कामात पहिली चूक मापातच होते. संगणकाचे सर्व भाग ज्या पाटीवर बसतात तिला मदरबोर्ड म्हणतात. इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स नावाचे माप ठरविले. ती पाटी ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असते. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स हे माप आणले: १७० बाय १७० मिलिमीटर, साधारण एका वितीएवढी पाटी. हिची चार भोके मोठ्या पाटीच्या भोकांशी जुळतात. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण लहान कॅबिनेट घ्यायला आज पैसे नसतील, तर ही पाटी शेजाऱ्याने टाकून दिलेल्या जुन्या मोठ्या कॅबिनेटमध्येही बसते आणि लहान घर तिला पुढे मिळू शकते. याहूनही लहान मिनी-एसटीएक्स नावाचे माप आहे, १४७ बाय १४० मिलिमीटर. एएसरॉक कंपनीचा डेस्कमिनी हा डबा त्या मापावर बेतलेला आहे. तो १५५ मिलिमीटर लांब-रुंद आणि ८० मिलिमीटर उंच आहे. पाटी, कॅबिनेट आणि लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर एकत्र मिळतो. प्रोसेसर, रॅम व एसएसडी आपण घालायची. नवशिक्याला यापेक्षा सोपी सुरुवात मला माहीत नाही.

मात्र आकार लहान झाला म्हणजे किंमतही लहान होईल, या समजुतीत कोणी राहू नये. लहान पाटी बहुधा मधल्या आकाराच्या मायक्रो-एटीएक्स पाटीपेक्षा महाग पडते. तिच्यावर रॅमच्या दोनच खाचा असतात, म्हणून १६ जीबी हवी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्या. दोन पट्ट्यांनी अंगच्या चित्रशक्तीवर चालणारे प्रोसेसर अधिक चपळ चालतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड अभ्यासासाठी लागत नाही. ते कोणाला लागते, हे मुलगे जाणतात आणि पालकही जाणतात.

भाव मी मुद्दामच सांगत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की महिन्यापूर्वीची यादी घेऊन गेलेला मनुष्य रिकाम्या हाताने परतावा. खरेदीला जाण्यापूर्वी तीन दुकानांत विचारावे. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, हा या मालाचा जुना बाजार. बोरिवली-अंधेरीच्या लोकांनी धीमी लोकल धरावी, घाटकोपर-मुलुंडच्या लोकांनी दादरला गाडी बदलावी. रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याला सलाम करून पुढे जावे. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. खोक्यावरचा क्रमांक आणि वस्तूवरचा क्रमांक एकच आहे की नाही, ते दुकानातच पाहावे.

येथे सरकारी धोरणाचा एक धागा सांगतो. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट यांच्याबरोबर ‘अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर’ संगणकांच्या आयातीवरही परवान्याचे बंधन जाहीर केले. बाजारात गडबड उडाली, मुदत वाढविली गेली आणि नोव्हेंबर २०२३ पासून आयात-परवानगीची सौम्य पद्धत आली. म्हणजे आपल्या या इवल्याशा डब्याची दखल दिल्लीने नाव घेऊन घेतली! बंधनाचा रोख तयार यंत्रांवर होता, सुट्या भागांवर नव्हता; त्यामुळे जोडणारांचे काम अडले नाही.

आता ज्या गोष्टीवर लहान संगणकाचे आयुष्य अवलंबून आहे, त्या उष्णतेविषयी थोडे सविस्तर बोलतो. प्रोसेसर जी वीज घेतो ती सर्व शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ६५ वॉटचा प्रोसेसर म्हणजे जुन्या साठच्या बल्बएवढी उष्णता देणारी वस्तू. ती आपण जेवणाच्या डब्याएवढ्या जागेत कोंडतो. पंखा काही हवा थंड करीत नाही. तो खोलीतलीच हवा आत ढकलतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३६ अंश असतील, तर आतील प्रत्येक भाग त्या ३६ च्या वरच राहणार. त्यात भर म्हणून घर नीटनेटके दिसावे या हौसेने कोणी डबा कपाटात ठेवून दार लावले, तर तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत फिरते. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. मग मूल म्हणते, संगणक मंद झाला. वडील म्हणतात, दुकानदाराने फसविले. यात दुकानदाराचा दोष नसतो, दोष कपाटाच्या दाराचा असतो.

यावर दोन उपाय. एक, डब्याच्या सर्व बाजूंना चार बोटे मोकळी जागा. दुसरा उपाय फारसे कोणी करीत नाही, पण फुकट आहे. रायझन ५६००जी सारख्या काही प्रोसेसरांना ६५ ऐवजी ४५ वॉटची मर्यादा घालता येते. पाटी ती सोय देत असेल तर बायॉसमध्ये जाऊन ती घालावी. अभ्यास, टंकलेखन, प्रोग्रामिंग, व्हिडिओवरील तास या कामांत फरक जाणवतही नाही आणि उष्णता जवळजवळ एक-तृतीयांश कमी होते. कूलर घेताना त्याची उंची मिलिमीटरमध्ये पाहावी. डेस्कमिनी एक्स-३०० मध्ये ४६ मिलिमीटरपेक्षा उंच कूलर बसत नाही, आणि दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असे नाही.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. चार महिने हवा दमट, वर्सोवा-मढच्या बाजूला खारी. यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये; रोज अर्धा तास चालविले तर आतला दमटपणा टिकत नाही. उबदार जागा झुरळांनाही आवडते, हे स्वयंपाकघराला लागून राहणाऱ्यांना सांगावयास नको. मागची रिकामी खाच पट्टीने बंद करावी आणि हवेच्या भोकांवर बारीक जाळी लावावी. जाळी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडावी, नाहीतर तीच हवा अडविते.

विजेबाबत मी जरा कठोरपणे बोलणार आहे. धातूच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. कारण असे की एसएमपीएसमधील गाळणीचे कपॅसिटर थोडीशी वीज कॅबिनेटकडे सोडतात आणि ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी अशी योजना असते. आपल्या जुन्या चाळींतल्या पुष्कळ सॉकेटांत तिसरे भोक आहे, पण त्यामागे तार नाही. मग कॅबिनेटवर सुमारे निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, बसून राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने बहुधा झिणझिण्यांवरच भागते. परंतु आतला एखादा भाग खरोखर बिघडला, तर हाच प्रकार जिवावर बेतू शकतो. अंधेरी-बोरिवलीस अदाणी किंवा टाटा, मुलुंडला महावितरण, मीटर कोणाचेही असो, घरातील अर्थिंगची तार ही घरमालकाची व सोसायटीची जबाबदारी आहे. संगणक आणण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून ती तपासून घ्यावी. तीन पिनांची वायर दोन पिनांची करणाराला घरात घेऊ नये.

वीज खर्चाचा हिशेबही पालकांनी करावा. ग्राफिक्स कार्ड नसलेला असा लहान संगणक साध्या कामात सरासरी ३० वॉट घेतो असे धरले, तर रोज सहा तासांप्रमाणे महिन्याला साडेपाच युनिटही होत नाहीत. १२० वॉट खाणारे जुने धूड त्याच वेळात साडेएकवीस युनिट जाळते.

जोडणीविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती आपण आता पाहणारच आहोत. लहान कॅबिनेटमध्ये बोटे शिरत नाहीत, म्हणून पाटी आत ठेवण्यापूर्वीच प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एम-टू एसएसडी बाहेर टेबलावर बसवाव्या. त्याआधी उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. प्रोसेसर त्रिकोणी खूण जुळवून नुसता ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. थर्मल पेस्ट छोट्या वाटाण्याएवढी पुरे. पोळीला तूप लावावे तसे थापू नये. मग कॅबिनेटबाहेरच पडदा जोडून यंत्र एकदा सुरू करून पाहावे. ते सुरू झाले तरच आत बसवावे. या एका सवयीने अर्धा दिवस वाचतो.

आता वडीलधाऱ्यांच्या शंकेकडे येतो. ज्यांचे अंदाजपत्रक फारच तंग आहे, त्यांना मी नवे भाग घेऊन जोडण्याचा आग्रह करणार नाही. कचेऱ्यांतून निघालेले लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी असे साधारण सव्वा लिटरचे डबे जुन्या बाजारात मिळतात. त्यांत रॅम आणि एसएसडी घरीच बदलता येते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विकणारा नुसते ‘आय-फाइव्ह आहे’ म्हणेल, पिढी विचारावी. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र फारच स्वस्त मिळत असेल, तर त्यावर लिनक्स घालावे. ती फुकट आहे, आणि तिच्यात मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही लिप्यांत टंकलेखनाची सोय आहे.

बोलणे पुरे झाले. टेबलावरचा डबा आता मी उघडतो. मागे बसलेल्या मुलींनी आधी पुढे यावे, एका वेळी पाच जणींनी. आणि प्रोसेसर कोणीही कडांखेरीज इतरत्र हाताळू नये.