माह्याजोळ आणि माह्यं
(भातकुली इथं तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



आज मी व्याकरणावर बोलणार आहे. हसू नका. व्याकरण ही काही पंतोजींची मिरास नाही.

इंग्रजीत 'हॅव' नावाचं क्रियापद आहे. घर, बायको, अक्कल, ताप, सगळं त्या एकाच मुठीत. मराठीत तसं क्रियापद नाही. आपली माय काय म्हणते? 'माह्याजोळ पाच रुपये हायेत.' 'मले दोन बहिनी हायेत.' 'पोरात दम हाय.' पैसा जवळ असतो, बहीण मला असते, दम माणसात असतो. (गुणवत्ता मात्र 'त्यांच्याकडे' असते म्हणे, गोदामात तुरीची पोती असावीत तशी!) आणि वावराचं विचारलं तर माय म्हणते, 'पाटलाचं हाय.' तिथं 'जोळ' चालत नाही. वेचलेला कापूस दिवसभर आपल्या ओटीत, पण कापूस पाटलाचा. 'माह्याजोळ' आणि 'माह्यं' यांच्यामधल्या फटीत आपल्या पिढ्या गाडल्या गेल्या.

सातबारा उघडा. तिथं मालक हा शब्दच नाही, 'भोगवटादार' आहे. भोगणारा. त्यातही वर्ग १ आणि वर्ग २. वर्ग २ वाल्याला जमीन विकायची तर आधी सरकारची परवानगी. देशावरच्या महार वतनाचं काय झालं बघा. वतन म्हणजे गावाच्या वेठीचा दोर. तो तुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. जमिनी आधी सरकारजमा झाल्या, मग आकाराच्या तिप्पट रक्कम घेऊन त्याच लोकांना परत दिल्या, आणि त्याही वर्ग २ च्या शर्तीवर. पाटलानं कसलं तर वहिवाट, आपण गायरान कसलं तर अतिक्रमण! १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची असली अतिक्रमणं नियमित करायचा ठराव सरकारनं नोव्हेंबर १९९१ मध्ये काढला. ज्यांच्या घरी गायरानाचा तुकडा आहे त्यांनी आपला कागद पुढं किती सरकला ते आज रात्री सांगावं.

हा आपला भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीत पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. गोड पाण्याची किंमत इथल्या पोराला शिकवावी लागत नाही. म्हणून महाडचा खटला तुम्हाला लवकर कळेल. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले ते काय सांगायला? तळं आमच्या खाजगी मालकीचं आहे! नगरपालिकेचं तळं. मुसलमान तिथं पाणी भरत होता. म्हणजे मालकी पाण्याची नव्हतीच, आपल्याला हाकलायची होती. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूनं लागला. एका ओंजळीसाठी सव्वानऊ वर्षं.

आता माणसांकडे येतो. माणसाची मालकी सांगायला मराठीनं क्रियापद राखून ठेवलंय: ठेवणे. गडी ठेवला. बाई ठेवली. सालदार वर्षभरासाठी ठेवला की पाटील म्हणतो 'आमचा गडी', आणि बैलाला म्हणतो 'आमचा बैल'. आवाजही तोच. मनूनं हे उघड लिहून ठेवलं: बायको, मुलगा आणि दास यांचं धन त्यांचं नव्हे, ते ज्याचे त्याचं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये त्या पुस्तकाची होळी झाली.

मग आपल्या घरात हक्कसोडपत्र कशाला लिहिलं जातं? बाप गेला, दोन एकर राहिलं, की भाऊ बहिणीला तलाठ्यासमोर बसवतो. 'सही कर, माहेर तुटंल.' हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली. आणि निळा झेंडा खांद्यावर घेतलेला आपला कार्यकर्ता साडीचोळी देऊन बहिणीची सही घेतो! ती 'मले' बहीण आहे, ठीक. तिचा वाटा 'माह्यं' वावर कसा झाला?

दोस्तहो, इथं बसलेल्यांपैकी तिघा-चौघांच्या घरी या पावसाळ्याआधी वाटणी आहे, मला ठाऊक आहे. नावं घेत नाही. फेरफाराची नोटीस लागली की आम्ही भातकुलीच्या तहसिलीत बसणारच आहोत. बहिणीला सोबत घेऊन या. सही करायला नव्हे, नाव चढवायला.

जय भीम!