डॉक्टरांचा सत्कार कशासाठी?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात डॉक्टरांच्या सत्कारप्रसंगी केलेलं भाषण)



अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी बँकेतला माणूस, शिल्लक बघूनच खर्च करतो. त्यामुळं वेळेची काळजी नसावी.

रौप्यमहोत्सवात सत्कार कुणाचा करायचा, यावर आपल्या सभेत बरीच चर्चा झाली हे तुम्हाला आठवत असेल. डॉक्टरांचा करायचा, इथपर्यंत एकमत झालं. मग प्रश्न आला, कोणत्या डॉक्टरांचा? कुणी म्हणालं, ज्यांचं हॉस्पिटल मोठं त्यांचा. कुणी म्हणालं, ज्यांच्याकडं मशिनरी जास्त त्यांचा. तेव्हा मागच्या रांगेतून आपल्या एक वहिनी म्हणाल्या, "रात्री दोनला दार कोण उघडतंय ते बघा की!" सभा तिथंच संपली म्हणायला हरकत नाही.

पण मला त्यात आणखी एक कलम जोडायचं होतं. जो डॉक्टर रुग्णाजवळ बसतो तो मोठाच. पण आपल्याला येतं ते जो दुसऱ्याला शिकवून जातो, तो त्याच्याइतकाच मोठा. ही दोन कलमं मी का धरतो, त्याला घरचं कारण आहे. आजवर मी ते चारचौघांत बोललो नव्हतो.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ज्वारीची सुगी चालू होती. आमची अक्का, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आखाड्यावर कडब्याची पेंढी उचलायला गेली आणि तिच्या बोटाला लाल विंचू चावला. दिवस मावळतीला आला होता. आधी उतारा झाला, मग मंत्र टाकणाऱ्याला बोलावणं गेलं. अक्काला उलट्या होत होत्या, अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या. मी तिचे पाय चोळत होतो, ते बर्फासारखे गार पडले होते. गार पडले म्हणजे विष उतरलं, असं कुणीतरी सांगितलं. आम्हाला ते खरं वाटलं. मध्यरात्रीनंतर तिला खोकला सुरू झाला, तोंडाला फेस आला, तेव्हा दादांनी बैलगाडी जुंपली. परभणी गाठायच्या आतच ती गेली. माय पुढं कित्येक वर्षं म्हणायची, "लेकरू माझ्याजवळ होतं, पण काय करायचं ते कुणालाच ठावं नव्हतं."

त्या काळी हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हतं, ते मला फार उशिरा कळलं. हे ज्ञान ज्यांनी मिळवलं ते आपल्याच मराठवाड्यातले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब शेतकरी घरातले डॉ. हिंमतराव बावस्कर. नागपूरला एम.बी.बी.एस. करून ते नोकरीला गेले कोकणात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथं विंचू चावलेले रुग्ण यायचे, त्यातली मुलं डोळ्यांदेखत जायची. आपल्या हातात काही नाही असं म्हणून त्यांना बाजूला होता आलं असतं. पण हा तरुण डॉक्टर रात्र रात्र रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिला. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, सगळं टिपून ठेवू लागला. त्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मित्रहो, हातपाय गार पडणं हे विष उतरल्याचं लक्षण नव्हतं. ते धोक्याचं लक्षण होतं. मी जे पाय चोळत बसलो होतो, ते आम्हाला काहीतरी सांगत होते आणि आम्हाला ते वाचता येत नव्हतं.

या विषानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भयंकर ताण येतो आणि शेवटी फुफ्फुसात पाणी भरतं. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची एक साधी, स्वस्त गोळी त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते, हे बावस्करांनी दाखवून दिलं. त्यावरचा लेख १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आला. या संशोधनात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीनं राहिल्या. ज्यांच्या फुफ्फुसात पाणी भरायचं अशा शंभर रुग्णांमागं पूर्वी पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण पुढं एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता माझं दुसरं कलम इथं लागू होतं. ही विद्या बावस्करांनी स्वतःच्या दवाखान्यात कुलूप लावून ठेवली नाही. लेख लिहिले, व्याख्यानं दिली, खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांना सांगत राहिले. ते महाडला आणि आपण पोखर्णीला. ते काही आपल्या प्रत्येक रुग्णाजवळ येऊन बसू शकत नाहीत. पण त्यांनी शिकवलेलं इथं पोचू शकतं. (बालमित्रांनो, ही गोळी घरात आणून ठेवायची नाही बरं का. विंचू चावला की सरळ दवाखाना गाठायचा.)

शिकवण्याचं म्हणाल तर याहून मोठं उदाहरण आपल्या शेजारी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलेलं, पुढं अमेरिकेतही शिकून आलेलं. शहरात बंगला बांधून राहता आलं असतं. १९७० साली त्यांनी दुष्काळी जामखेडला काम सुरू केलं. खेड्यातली बरीचशी दुखणी मुळात टाळता येण्यासारखी असतात, हे त्यांनी ओळखलं. पण गावोगाव डॉक्टर आणायचा कुठून? त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. आलेल्या बायकांत कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकींना गावात कुणी ओट्यावर बसू देत नव्हतं. त्यांना या डॉक्टरांनी बाळंतपण, जुलाबावरचं पाणी, लसीकरण, क्षयाची आणि कुष्ठरोगाची लक्षणं, सगळं शिकवलं. सुरुवातीला त्या भागात हजार जन्मांमागं पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावत. दोन-अडीच दशकांत तो आकडा तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला मोठ्या आरोग्य परिषदेत बोलल्या. छतावरची झगमगती झुंबरं दाखवून त्यांनी सांगितलं की डॉक्टर या झुंबरासारखे आहेत, पण ते सगळीकडं पोचत नाहीत. आमचा दिवा साधा, पण एका दिव्यावरून दुसरा दिवा लावता येतो. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. पुढं २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगाव आशाताई दिसू लागल्या. त्याच वाटेवरचं ते पाऊल आहे.

आता थोडं कडू बोलतो. काही वर्षांपूर्वी माझ्या सौभाग्यवतींना घेऊन मी एका शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. डॉक्टर हुशार, उपचारही बरोबर. पण त्यांनी शेवटपर्यंत मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाही. फाईलकडं बघून बोलले, फाईलकडं बघूनच लिहून दिलं. मला फार राग आला. घरी येऊन तणतणलो. तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी काउंटरवर मान वर करत होता का?"

त्या रात्री मला झोप आली नाही. पीककर्जासाठी चार-चार खेटे घातलेला म्हातारा समोर उभा असताना मीही कागदच बघत होतो. सात-बारा बघितला, सह्या बघितल्या. त्याच्या तोंडाकडं किती वेळा पाहिलं? आणि हाताखाली आलेल्या नव्या पोरांना मी काय शिकवलं? व्याज काढायला शिकवलं, खातेदाराशी बोलायला नाही शिकवलं. म्हणून आज डॉक्टरांचा सत्कार करताना मी त्यांना उपदेश करणार नाही. तो अधिकार मला नाही.

आज आपण ज्यांना शाल देत आहोत त्यांतले एक डॉक्टरसाहेब रुग्णाला तपासताना स्टूल ओढून शेजारी बसतात. घरात कोण आहे, रात्री सोबतीला कोण असतं, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काम शिकलेल्या चार मुली आज नर्स आहेत. त्यांतली एक आपल्याच सोसायटीतली. ती सांगते, तिच्याकडून एकदा चूक झाली, तेव्हा डॉक्टरांनी रुग्णासमोर तिला एक शब्द बोलला नाही. रुग्ण गेल्यावर शेजारी बसवून पुन्हा शिकवलं. मंडळी, ही दोन कामं कुठल्या बिलात दिसत नाहीत. म्हणून ती इथं, सगळ्यांसमोर सांगायची.

पण सत्कार म्हणजे नुसतं शाल-श्रीफळ नव्हे. आपल्याकडूनही काही व्हायला पाहिजे. मी तीन गोष्टी मागतो. एक, डॉक्टर म्हणाले इंजेक्शनची गरज नाही, तर "सुई द्याच" म्हणून हट्ट धरू नका. दोन, रुग्ण दगावला की डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणं, तोडफोड करणं, हे आपल्या घरातल्या कुणी कधी करू नये. ज्यानं प्रयत्न केले त्यालाच मारायचं, ही कुठली रीत? तीन, महिन्यातून एक रविवार आपला हॉल द्या. या दोन्ही डॉक्टरसाहेबांनी तासभर शिकवायचं कबूल केलं आहे. साप चावला तर काय करायचं, छातीत कळ आली तर काय, उन्हाळ्यात लेकराला जुलाब लागले तर काय. परभणीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. आपल्या गावातली मुलंमुली उद्या तिथं शिकतील. त्यांनीही सुट्टीत येऊन या वर्गात बसावं, आणि रुग्णाशी कसं बोलायचं ते या दोघांकडून बघावं.

पहिल्या रविवारी मी स्वतः सतरंज्या अंथरायला येणार आहे. या वयात शिकून काय करणार, असं कुणी म्हणेल. पण अक्काच्या वेळी त्या आखाड्यावर दहा-बारा मोठी माणसं होती. त्यातल्या एकाला जरी ठावं असतं, तरी गाडी संध्याकाळीच जुंपली गेली असती.

दोन्ही डॉक्टरसाहेबांना नृसिंहदेव उदंड आयुष्य देवो. रात्री दोनला आमच्यासाठी उघडणारं त्यांचं दार असंच उघडं राहो, आणि त्यांच्या हाताखालून आणखी पुष्कळ हात तयार होवोत.

दहाची बारा मिनिटं झाली. दोन मिनिटांचं व्याज माफ करावं, ही अध्यक्षांना विनंती. जय हिंद, जय महाराष्ट्र!