घराचा उंबरठा आणि राज्यघटना
(मरोळ येथील सभेत केलेले भाषण)



मरोळच्या चाळी-झोपड्यांतून राहणाऱ्या माणसाला दारावरची पोलिसी थाप अपरिचित नाही. दार उघडताच ट्रंका उपसल्या जातात, आणि गरीब माणूस समजतो की हे असेच चालावयाचे. हा समज दूर करण्याकरिता मी आपल्यापुढे उभा आहे.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूलभूत हक्कांत एक कलम घातले होते. माणसाचा देह, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती होऊ नये आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघू नये, असा त्याचा आशय होता. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेब ती स्वीकारण्यास तयार होते. हे नियम फौजदारी कायद्यात आहेतच. परंतु कायदेमंडळाच्या हाती ते राहू नयेत, म्हणून घटनेत असणे इष्ट, हा त्यांचा मुद्दा. समितीने मात्र अखेर दुरुस्ती फेटाळली.

त्याची किंमत आपण मोजली. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखे कलम आपल्या घटनेत नाही. १९६२ साली खरकसिंग खटल्यात पाळतीखालील माणसाच्या घरी रात्री जाण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम रद्द झाला. पण खासगीपणाचा हक्क बहुमताने मानला नाही. तो मान्य व्हावयास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने त्यास कलम २१ मध्ये स्थान दिले.

तरीही सावध राहा. १९७३ च्या पूरणमल निकालानुसार बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणाने टाकून दिला जात नाही. म्हणून झडतीनंतर रडण्यापेक्षा झडतीच्या वेळीच हक्क मागितला पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे हक्क आहेत. वॉरंटावाचून झडती घ्यावयाची, तर अधिकाऱ्याने आपली कारणे लिहून ठेवली पाहिजेत व ४८ तासांच्या आत त्यांची प्रत दंडाधिकाऱ्याकडे पाठविली पाहिजे. वस्तीतील निदान दोन प्रतिष्ठित व निःपक्ष पंच हजर हवेत. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावयाची. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घरातील माणसास मिळावयाची. झडतीचे ध्वनिचित्रमुद्रणही झालेच पाहिजे.

पोलिसांशी झोंबू नका. पण यादीची प्रत मागितल्यावाचून राहू नका. आणि आपल्यापैकी कोणास पंच म्हणून बोलावले, तर कोऱ्या कागदावर सही करू नका. त्या सहीवर शेजाऱ्याचे तुरुंगात जाणे वा न जाणे अवलंबून असते.

१९४८ साली जे कलम घटनेत आले नाही, त्याचे रक्षण आता आपल्या सावधपणाने करावयाचे आहे.